शहराचा फोटो कुठून काढावा?

– तृतीय वर्ष कला वर्गाचा एक विद्यार्थी

मुंबईचा फोटो म्हटला की तो कसा असणार हे न पाहताच सांगता येते. गेटवे ऑफ इंडिया आणि पुढ्यात कबुतरे. मरीन ड्राइव्हचा रात्रीचा दिव्यांचा हार. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा घुमट. २००९ नंतर यांत वांद्रे-वरळीच्या सागरी सेतूची भर पडली आहे, एवढेच. आमच्या झरीतला जो माणूस आयुष्यात विरारच्या पुढे गेलेला नाही, त्यानेही ही मुंबई पाहिलेली आहे. न्हाव्याच्या दुकानातल्या कॅलेंडरावर पाहिली आहे, आणि आता मोबाइलवर पाहतो आहे. म्हणून गेल्या डिसेंबरात मुंबईतल्या एका महाविद्यालयाने आंतरमहाविद्यालयीन छायाचित्र-स्पर्धा ठेवली आणि ‘शहर : वेगळ्या कोनातून’ असा विषय दिला, तेव्हा मला तो मनापासून आवडला. चला, कुणाला तरी कॅलेंडराचा कंटाळा आला आहे!

विषय आवडण्याचे दुसरे कारण जरा खाजगी आहे. आम्ही तलासरी तालुक्यातली मुले. शहरातल्या मुलांना शहर अंगणासारखे. आम्हाला ते पाहायचे तर पहाटे चारला उठावे लागते. त्यांच्याशी वादविवादात किंवा नाटकात बरोबरी करताना आमची जीभ आधीच जड होते. पण फोटोला जीभ लागत नाही. शिवाय शहर रोज पाहणाऱ्याला त्यातले वेगळे काय दिसणार? ते आम्हालाच दिसेल, अशी एक बढाई मनात होतीच.

भूगोलाच्या सरांनी आपला कॅमेरा दिला. देताना इतक्या सूचना दिल्या, की लग्न होऊन निघालेल्या मुलीलाही कुणी तेवढ्या देत नसेल. आम्ही तिघे, म्हणजे मी, माझा एक मित्र आणि वर्गातली एक मैत्रीण, शनिवारी डहाणू रोडहून पहिली लोकल धरून निघालो. ही लोकल एप्रिल २०१३ पासून आमच्याकडे येऊ लागली. त्याआधी शटल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांवर भिस्त असे, असे वडील सांगतात. लोकल आली आणि आमचा भाग मुंबईच्या उपनगरी नकाशावर चढला. नकाशावर चढला म्हणजे मुंबईत गेला असे मात्र नाही. ते पुढे येईलच.

मुंबईत पोचल्यावर वेगळा कोन शोधण्याच्या नादात आम्ही काय काय केले ते आठवले की हसू येते. रस्त्यावरच्या डबक्यात उलटी इमारत टिपली. बसच्या मागच्या काचेतून टिपली. पादचारी पुलाच्या गजांतून टिपली. शेवटी टर्मिनसच्या समोर मी चक्क पदपथावर आडवा झालो, गाल फरशीला लावला आणि कॅमेरा जमिनीवर ठेवून वर रोखला. पुढून शेकडो बूट, चपला, सँडल धावत होते आणि त्यांच्या वर, फार वर, घुमट तरंगत होता. मी हरखून गेलो. एवढ्यात शेजारून आवाज आला, ‘‘काय पडलं का तुमचं?’’

बूटपॉलिशवाला होता. आपली लाकडी पेटी मांडून बसला होता. माझी एखादी वस्तू हरवली असावी म्हणून त्याने बिचाऱ्याने आपली पेटीही थोडी बाजूला सरकवली. मी म्हटले, ‘‘नाही, फोटो काढतोय.’’ त्याने मी पाहत होतो तिकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि पुन्हा ब्रश मारायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते. कसे असेल? मी पदपथावर लोळून, कपडे मळवून जे दृश्य मिळवले, ते त्याला रोज सकाळपासून रात्रीपर्यंत बसल्या जागी दिसत होते. धावणारे बूट आणि वर तरंगणारा घुमट! माझा असामान्य कोन म्हणजे त्याची रोजची बैठक होती.

त्या वेळी मला एवढेच वाटले, की फोटो चांगला आला. बाकीचे विचार पुढे महिनाभराने आले, आणि ते यायला सरांनी वाचायला दिलेली छायाचित्रकलेच्या इतिहासाची पुस्तके कारण झाली.

त्यांत पॅरिस शहराचा एक फोटो आहे. दागेर नावाच्या फ्रेंच माणसाने तो १८३८ मध्ये आपल्या उंचावरच्या खिडकीतून काढला. रस्ता वर्दळीचा, पण त्या वेळच्या रसायनांना चित्र धरायला कित्येक मिनिटे लागत, त्यामुळे चालती माणसे, घोडे, गाड्या काही म्हणता काही उमटले नाही. सगळा रस्ता ओस. एका कोपऱ्यात मात्र एक माणूस उमटला आहे, कारण तो एका जागी उभा होता. आणि उभा का होता? बूट पॉलिश करून घेत होता! छायाचित्रात सापडलेला हा पहिला माणूस असे मानतात. पुस्तके त्या उभ्या गृहस्थाचेच कौतुक करतात. त्याच्या पायाशी वाकलेला एक काळपट ठिपका आहे, तो पॉलिश करणारा. तोही तितकाच पहिला. पण मान मिळाला बूटवाल्याला.

याच शहरात पुढे नादार नावाचा मोठा हुन्नरी छायाचित्रकार झाला. १८५८ मध्ये त्याने फुग्यात बसून आकाशातून फोटो काढला. ड्रोनचे आज कौतुक चालते, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. नंतर तो उलट दिशेला गेला. जमिनीखाली पॅरिसची गटारे आणि हाडे रचून ठेवलेली भुयारे आहेत, तिथे विजेचा कृत्रिम प्रकाश नेऊन त्याने फोटो काढले. शहराची इतकी दुर्लक्षित जागा दुसरी नसेल. पण एकेका फोटोला अठरा अठरा मिनिटे लागत, आणि तेवढा वेळ जिवंत माणूस निश्चल कसा राहणार? म्हणून भुयारातल्या फोटोंत त्याने मजुरांच्या जागी कपडे घातलेले पुतळे उभे केले. हे वाचून मी पुस्तक मिटले. त्याची अडचण खरी होती, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण शहराच्या अगदी खालच्या जागेपर्यंत माणूस पोचला, आणि तिथे काम करणाऱ्याच्या जागी पुतळा ठेवून परत आला, हे माझ्या डोक्यातून जाईना.

तिसरा रशियातला रॉडचेंको. त्याचे म्हणणे असे, की माणूस कॅमेरा पोटाशी धरून समोरचे टिपत राहतो, आणि त्यामुळे त्याला जग जुन्या चित्रांसारखेच दिसते. वरून खाली पाहा, खालून वर पाहा, म्हणजे डोळे उघडतील. १९२८ मध्ये त्याने हे हिरिरीने मांडले. मला ते पटलेही. आजही आपल्या स्पर्धा, प्रदर्शने आणि मोबाइलवरची लाखो चित्रे रॉडचेंकोच्या सांगण्यावरच चालली आहेत, हे बहुतेकांना ठाऊक नसते इतकेच. परंतु ज्याची जागाच खाली आहे, किंवा ज्याला पोटासाठी रोज वर चढावे लागते, त्याला हा उपदेश कसा लागू करायचा? तो खालून वर पाहतो, त्याचे डोळे तेवढ्याने उघडलेले असतात का?

हा प्रश्न मला पडला त्याचे खरे कारण पुस्तकात नाही, विरारला आहे.

संध्याकाळी मित्र आणि मैत्रीण परत गेले, आणि मी विरारला उतरलो. माझे काका तिथे पश्चिमेला एका इमारतीच्या कामावर बिगारी होते. आमच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको, दिवाळी झाली की पाडे निम्मे रिकामे होतात आणि होळीला भरतात. कुणी वीटभट्टीवर उचल घेऊन जातो, कुणी गुजरातच्या बोटींवर, कुणी वसई-विरारच्या इमारतींवर. वसई-विरार महानगरपालिका झाली ती २००९ मध्ये. लाखो माणसांचे शहर, पण त्याचा फोटो कुणी काढत नाही. मुंबईच्या चित्रांत ते येत नाही आणि गावाच्या चित्रांतही बसत नाही. रात्री मी काकांच्या पत्र्याच्या खोपटीत झोपलो. एका बाजूला सिमेंटच्या गोणी आणि दुसऱ्या बाजूला आमच्याच तालुक्यातली चार माणसे.

दुसरा दिवस रविवार, खर्ची वाटण्याचा. काम बंद होते. काका म्हणाले, ‘‘चल, तुला वर नेतो. तुझ्या कॅमेऱ्याला कामाला लाव.’’ (ते आमच्या बोलीत बोलले, मी छापण्यासाठी मराठीत देतो आहे.) अकरा मजले, जिन्याला कठडा नाही. काका पुढे, अनवाणी, आणि मी भिंतीला हात लावत मागे. वर एका सदनिकेच्या दिवाणखान्यात आम्ही उभे राहिलो. भिंतींना गिलावा झाला होता, खिडकीला चौकट बसायची होती. त्या मोकळ्या भोकातून विरार दिसत होते. पूर्वेला जीवदानीचा डोंगर, मध्ये रेल्वेचे रूळ, खाजणाचे काळे पट्टे आणि जिकडेतिकडे अर्धवट इमारती.

मी कॅमेरा डोळ्याला लावून कोन शोधू लागलो. काका मात्र बोट दाखवून सांगू लागले. ‘‘ती पिवळी दिसते ना, तिचे चर आम्ही खणले. तुझी काकूही होती तेव्हा. तिच्या डावीकडची, तिचा चौथा स्लॅब पडला त्या रात्री पाऊस लागला होता. ती टाकी आहे ना, तिच्यावरून जव्हारकडचा एक पोरगा पडला. नाही, वाचला, पण गावाला गेला तो गेला. तो रस्ता पाहतोस? तिथे आधी पाणी होते, माती आम्ही टाकली.’’ मी कॅमेरा खाली केला. माझ्यासमोर एक दृश्य होते आणि त्यांच्यासमोर हजेरीची वही होती. ते शहर पानापानाने वाचत होते. कुठल्या मजल्याला किती दिवस लागले, कुठे मजुरी बुडाली, कुठल्या मुकादमाने जेवण दिले, हे सारे त्यांना दिसत होते.

मी म्हटले, ‘‘काका, इथे उभे राहा, तुमचा फोटो घेतो.’’ ते म्हणाले, ‘‘माझा नको, कपडे असे आहेत. खिडकीचा घे.’’

‘‘खिडकीचा कशाला?’’

‘‘तुझ्या काकूला दाखवायला. मी कुठे असतो ते विचारते. नंतर इथे येता येणार नाही. एकदा ताबा दिला की आपला वॉचमन आपल्यालाच आत सोडत नाही.’’

‘आपला वॉचमन’ हा शब्द त्यांचाच. त्यात राग नव्हता. पावसाळ्यात नदी ओलांडता येत नाही, तसे ते म्हणाले.

मी फोटो काढला. सरळ, उभे राहून, डोळ्यांच्या उंचीवरून. रॉडचेंकोने नाक मुरडले असते असा. विटांच्या कडा, त्यातून दिसणारे शहर, आणि डाव्या कोपऱ्यात काकांची चार बोटे. ती मुद्दाम घेतलेली नाहीत. त्यांनी चौकटीच्या जागेवर हात टेकला होता, तो आला.

स्पर्धेला प्रत्येकी दोन फोटो पाठवायचे होते. मी पदपथावरचा आणि हा, असे दोन पाठवले. पदपथावरच्या फोटोला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. हे आधीच सांगून टाकतो, नाही तर पुढचे सगळे आंबट द्राक्षांचे बोलणे वाटेल. पहिले बक्षीस ड्रोनने वरून टिपलेल्या एका चौकाला मिळाले, आणि तो फोटो खरोखर देखणा होता. खिडकीच्या फोटोवर परीक्षकांचा शेरा होता, ‘कोन नेहमीचाच. विषयाशी संबंध स्पष्ट नाही.’

हा शेरा वाचून प्रथम मला राग आला. मग वाटले, परीक्षकांनी वावगे काय लिहिले? त्यांना काका ठाऊक नाहीत. ते चित्र पाहणार, चित्रामागचा ताबा, वॉचमन आणि काकू कुठून पाहणार? सरही हेच म्हणाले, ‘‘फोटोने स्वतःच बोलले पाहिजे. तू त्याच्या शेजारी उभा राहून किती दिवस सांगणार?’’ याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. फोटो कमी पडला हे मला मान्य आहे. पण ‘कोन नेहमीचाच’ हे मला मान्य नाही. नेहमीचा, पण कुणाचा? अकराव्या मजल्यावरच्या गिलाव्याच्या भिंतीशी उभे राहून, चौकट बसण्याआधीच्या भोकातून शहर पाहणे हा परीक्षकांचा नेहमीचा कोन नव्हता, माझाही नव्हता. तो फक्त काकांचा होता, आणि तोही चार महिन्यांपुरता. इमारत पुरी झाली की ती जागा जगातून नाहीशी होते. तिथे ज्याची खिडकी येते, तो दुसरा माणूस.

यावरून माझे मत बनले ते असे. शहराचा फोटो वेगळा ठरतो तो कॅमेरा किती वाकवला यावरून नव्हे. त्या जागी एरवी कोण उभे असते याचा शोध घेतला की नाही, यावरून. वाकडा कोन कुणालाही अर्ध्या तासात शिकता येतो, आम्ही एका सकाळीत शिकलो. जागेचा शोध घ्यायला त्या जागेच्या माणसाशी बोलावे लागते, थांबावे लागते, आणि पुष्कळदा त्याच्या सांगण्यावरून कॅमेरा दुसरीकडे वळवावा लागतो. मी काकांचा फोटो काढणार होतो. त्यांनी तो खिडकीकडे वळवला.

आमच्या मैत्रिणीचे उदाहरण घ्या. दिवसभर आम्ही दोघे पुलावर चढत, रुळांकडे वाकत होतो. तिला प्रत्येक ठिकाणी कुणीतरी हटकत होते, किंवा टक लावून पाहत होते. ती वैतागली. पण परतीच्या गाडीत तिने बायकांच्या डब्यातून फोटो काढले. भाजी निवडणाऱ्या बायका, दारात रिकाम्या टोपल्या, आणि टोपलीच्या वरून मागे पळणारे विरार. आम्ही सात जन्म घेतले तरी तो फोटो आम्हाला मिळाला नसता. तिने स्पर्धेला पाठवला नाही. म्हणाली, ‘‘त्यात वेगळे काय आहे?’’

मराठी माणसांनी अशा जागा शोधल्याच नाहीत असे नाही. नारायण विनायक विरकर हे मुंबईचे छायाचित्रकार. जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ रोजी गोळीबार झाला, त्यानंतर ते अमृतसरला गेले. त्या शहरात गेलेला कुठलाही छायाचित्रकार सुवर्णमंदिराचा फोटो घेईल. विरकरांनी बागेच्या भिंती टिपल्या, भिंतींतली गोळ्यांची भोके टिपली. मोकळे मैदान, विटा आणि खुणा. त्यात कोनाची काही करामत नाही. पण शंभर वर्षांनंतरही पाहणारा त्या भिंतीसमोर गप्प होतो. आपल्या काळातले सुधारक ओलवे तर अनेकांना ठाऊक असतील. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे त्यांनी दीर्घ काळ फोटो काढले. गटारात उतरलेली, कचऱ्यात उभी, आणि मग आपल्या घरात बसलेली माणसे. नादारला भुयारात पुतळे ठेवावे लागले. इथे माणूसच आहे, आणि तो तुमच्याकडे पाहतो आहे. यावर कुणी म्हणेल, हे दारिद्र्याचे प्रदर्शन. ही शंका खोटी नाही. कॅमेरा घेऊन झोपडपट्टीत अर्धा तास फिरून येणारे मी पाहिले आहेत, आणि आमच्याकडेही असे येतात. कुडाच्या भिंतीसमोर म्हाताऱ्या माणसाला उभे करतात, मोबाइल लपवायला सांगतात, आणि जातात. अर्ध्या तासाचा फोटो आणि वर्षांचा फोटो यांतला फरक आम्हाला समजतो. ज्याचा फोटो निघतो त्याला तो अधिकच समजतो.

आमच्या भिंतीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. वारली चित्रातला तारप्याचा नाच सर्वांनी पाहिलेला आहे. हल्ली तर पिशव्यांवर आणि चहाच्या कपांवरही असतो. त्यात माणसे बाजूने दिसतात, पण त्यांचा फेर वरून दिसतो. एकच चित्र, आणि दोन जागांवरून पाहिलेले! आमच्या आज्या-पणज्यांनी घरातल्या अंधाऱ्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने हे काढले. भास्कर कुलकर्णी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डहाणू तालुक्यात आले आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हाती कागद आला. मग ही चित्रे जगभर गेली, आणि मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण फेर वरून पाहायला आमच्यातले कोण कधी वर गेले होते? फुगा नव्हता, ड्रोन नव्हता. मला वाटते, नाचणाऱ्याला वर जावे लागत नाही. हाताला हात धरून रात्रभर फिरल्यावर फेर गोल आहे हे पायांना कळते, आणि पायांना कळलेले हात भिंतीवर काढतात. काका अकराव्या मजल्यावरून जे दाखवत होते, ते त्यांना डोळ्यांनी कमी आणि पाठीने जास्त माहीत होते.

झरी हे नाव बाहेरच्या लोकांना ठाऊक असले तर ते २३ मे १९४५ मुळे. त्या दिवशी हजारो वारली झरीत जमले आणि रोजी बारा आणे मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतावर काम करायचे नाही असे त्यांनी ठरवले. पुण्यात वाढलेल्या गोदूताई परुळेकर शहर सोडून आमच्याकडे आल्या आणि पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. ते १९७० मध्ये निघाले, आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या शहरातून इकडे आल्या. आता आम्ही इकडून शहरात जातो, आणि मजुरीची घासाघीस आता सकाळच्या नाक्यावर होते. नाक्याचा फोटो अजून कुणी नाक्यावर उभे राहून काढलेला मी पाहिला नाही. सारे फोटो समोरच्या पदपथावरून, किंवा गाडीच्या काचेतून काढलेले. ज्याला कामाला नेतात तो गाडीकडे कसा पाहतो, ते त्यात नसते.

तेव्हा या अंकाच्या निमित्ताने संपादक मंडळाला एक विनंती. पुढच्या वर्षी आपल्या वार्षिकात चार पाने फोटोंसाठी राखावीत. स्पर्धा नको, बक्षीस नको. आपल्यापैकी किती जणांचे आईवडील तारापूरच्या कारखान्यांत, उंबरगावला, वसईच्या भट्ट्यांवर, बोटींवर आहेत! सुट्टीत आपण त्यांच्याकडे जातोच. जाताना मोबाइल खिशात असतोच. त्यांना विचारावे, ‘‘तुम्ही कामावर असता तेव्हा समोर काय दिसते?’’ आणि ते जिकडे बोट दाखवतील तिकडचा फोटो काढावा. फोटोखाली दोन ओळी असाव्यात, जागा कोणती आणि तिथे रोज कोण उभे असते. सरांचा आक्षेप मला आठवतो, फोटोने स्वतः बोलावे. पण लग्नपत्रिकेवरही नावे लिहितातच ना?

यंदा आपल्या तालुक्यातून बुलेट ट्रेनचे खांब उभे राहत आहेत. त्यांचे वरून काढलेले फोटो वर्तमानपत्रांत येतात, छान असतात. खांबाच्या वर जे चढलेले आहेत त्यांना आपली घरे कशी दिसत असतील, हे पाहायची मला उत्सुकता आहे. त्यांतले पुष्कळ जण फार लांबून आलेले आहेत. म्हणजे या वेळी गाव आपले आणि परका मजूर, असा उलटा प्रकार आहे. त्यांच्याशी कोण बोलायला जाते, पाहू.

होळीला काका घरी आले. मी तलासरीतून फोटोची मोठी प्रत काढून आणली होती. काकूने ती उजेडात धरली. शहर पाहिले, डोंगर पाहिला, आणि मग कोपऱ्यातल्या बोटांवर बोट ठेवून म्हणाली, ‘‘हा हात यांचाच.’’ मी विचारले, कसे ओळखलेस? तिने करंगळी दाखवली. दोन वर्षांपूर्वी प्लेटखाली सापडून ती वाकडी झाली आहे. मी एवढ्या वेळा तो फोटो पाहिला, मोठा करून पाहिला, परीक्षकांना पाठवला. पण मला ती दिसली नव्हती.

फोटो कुडाला लावला आहे. इमारतीचा ताबा नंतर दिला गेला. परवा परीक्षेच्या आधी पुस्तके आणायला मुंबईला गेलो, तेव्हा गाडी विरारात शिरताना मी दारात उभा राहून मजले मोजले. अकरावा, डावीकडून तिसरी खिडकी. निळी काच बसली आहे, आतून पडदा होता.